कोणास राखावे, कोणास सोडावे

कल्याणहून माळशेज घाट चढून, ओतूर, आळेफाटा व बेल्हे ही गावे मागे टाकीत नगरकडे जाणारा रस्ता आणे घाटाची वळणे संपवून ज्या उजाड, वाऱ्याने सदैव झोडपलेल्या माळावर येतो, ते आणे पठार जुन्नर तालुक्यात मोडत असले तरी जुन्नरच्या धरणांचे पाणी त्याच्या वाट्याला आलेले नाही. पश्चिमेस माणिकडोह, येडगाव, वडज अशी जलाशयांची ओळ लागलेली असता पूर्वेकडील या उंच भूमीवरची शेती पावसाच्या मर्जीवर चालते. आणि रंगदासस्वामींच्या यात्रेतील आमटी-भाकरीमुळे ज्या आणे गावाचे नाव दूरवर गेले, त्याच्या आसमंतातील शेतकऱ्यास अवर्षणाच्या साली फाल्गुन उजाडण्यापूर्वीच कडब्याच्या गंजीकडे पाहून एक कठोर हिशेब मांडावा लागतो. गंजी एवढी, पावसाला महिने इतके, दावणीला जनावरे इतकी. मग राखायचे कोणते, आणि घाट उतरून बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात न्यायचे कोणते? म्हातारा बैल दहा वर्षे इमानाने राबला आहे, पण येत्या हंगामात तो कितपत चालेल याची शाश्वती नाही. ऐन भरातल्या बैलाला बाजारात आज भरपूर मोल आहे, पण तो खातोही सर्वांहून अधिक. आणि खोंड अजून जुवाला लागलेले नाही, मात्र त्याला चारा थोडा लागतो आणि दोन वर्षांत ते काय होईल याची उमेद मोठी आहे. जाणता शेतकरी अशा वेळी ‘याने आजवर किती नांगरले’ असे विचारीत बसत नाही. याच्या मुखी जाणाऱ्या प्रत्येक पेंढीच्या मोबदल्यात पुढे काय पदरी पडेल, आणि तीच पेंढी दुसऱ्याच्या पुढे टाकली तर काय पडेल, एवढेच तो पाहतो.

व्यावसायिक खेळांच्या जगात, जेथे संघाने खेळाडूंवर करावयाच्या एकूण खर्चाला वरून मर्यादा घालून दिलेली असते, तेथे दर हंगामाच्या अखेरीस संघचालकांपुढे हाच हिशेब येऊन उभा राहतो. मर्यादा नसती तर प्रश्न सोपा होता. चांगला तो राखावा, वाईट तो सोडावा, आणि धनिक मालकाने धनाच्या जोरावर सगळेच चांगले आपल्या पदरी बांधावेत. मर्यादा येताच मात्र ‘हा खेळाडू चांगला आहे काय’ हा प्रश्न अपुरा ठरतो आणि त्याच्या जागी ‘या किमतीला हा चांगला आहे काय, आणि ही किंमत त्याला दिल्यावर उरलेल्या रकमेत बाकीचा संघ उभा राहील काय’ हा अधिक अवघड प्रश्न येतो. प्रेक्षक बहुधा पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो, आणि आपला लाडका वीर सोडून दिल्याबद्दल संघचालकांना शिव्याशाप देतो. हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

या हिशेबाचे शास्त्र जेथे फार बारकाईने विकसित झाले, तो खेळ बर्फावरची हॉकी. अमेरिका व कॅनडा यांतील संघांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात वेतनमर्यादेवरून असा विकोपाचा तंटा झाला, की २००४-०५ चा संपूर्ण हंगामच रद्द करावा लागला. आणि तडजोडीअंती २००५-०६ पासून प्रत्येक संघास ३ कोटी ९० लाख डॉलरांची कठोर मर्यादा घालण्यात आली. पुढे उत्पन्न वाढत गेले तशी ही मर्यादाही वाढली आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलरांवर गेली. परंतु मर्यादेचा जाच कमी झाला असे म्हणता येत नाही, कारण मर्यादेबरोबर खेळाडूंच्या मागण्याही वाढतात.

या जाचाचे अभिजात उदाहरण म्हणून शिकागो ब्लॅकहॉक्स या संघाच्या २०१० सालच्या उन्हाळ्याकडे पाहावे. त्या वर्षी या संघाने तब्बल ४९ वर्षांनंतर स्टॅन्ली चषक जिंकला, नगरात मिरवणूक निघाली, आणि मिरवणुकीचा गुलाल खाली बसतो न बसतो तोच विजेत्या संघाची मोडतोड सुरू झाली. कारण ज्यांनी चषक जिंकून दिला त्या सर्वांना त्यांच्या नव्या मोलाने राखावयाचे, तर मर्यादेच्या चौकटीत ते बसणे अशक्य होते. डस्टिन बफलिन, अँड्र्यू लॅड, क्रिस व्हर्स्टीग असे मोहरे अन्य संघांकडे गेले. त्याच वेळी सॅन होजे शार्क्स या प्रतिस्पर्ध्याने शिकागोचा तरुण बचावपटू निकलास यालमार्सन यास चार वर्षांसाठी १ कोटी ४० लाख डॉलरांचा देकार दिला. नियमाप्रमाणे शिकागोस दोनच मार्ग होते: तेवढीच रक्कम मान्य करून त्यास राखणे, किंवा मोबदला घेऊन त्यास जाऊ देणे. शिकागोने त्यास राखले. आणि या एका निर्णयामुळे चषक जिंकून देणारा गोलरक्षक अँट्टी निएमी याच्यासाठी लवादाने ठरविलेले २७ लाख ५० हजार डॉलरांचे वेतन देण्यास खजिन्यात जागा उरली नाही. निएमीला सोडावे लागले, आणि तो गेला कोठे, तर त्याच सॅन होजेकडे! प्रतिस्पर्ध्याला यालमार्सन मिळाला नाही, पण त्याला राखण्याची किंमत शिकागोकडून अशी परस्पर वसूल झाली. शिकागोने गोलरक्षणासाठी मार्टी टर्को हा अनुभवी, स्वस्त गृहस्थ आणला. तो काही चालला नाही. परंतु संघाच्या स्वतःच्या तालमीत वाढलेला कोरी क्रॉफर्ड नावाचा तरुण त्याच्या जागी उभा राहिला, आणि पुढे २०१३ व २०१५ साली शिकागोने चषक पुन्हा जिंकला तेव्हा गोलात तोच होता. जोनाथन टेव्स, पॅट्रिक केन, डंकन कीथ अशा चार-सहा आधारस्तंभांना धरून ठेवायचे आणि भोवतालची माणसे दर हंगामाला बदलत न्यायची, असे त्या संघाचे धोरण होते. त्यात निष्ठुरता होती हे खरे, पण त्या धोरणाने सहा वर्षांत तीन चषक दिले हेही तितकेच खरे.

आपल्याकडील मैदानी हॉकीत अशी परीक्षा घडण्याइतके स्थैर्यच फार काळ नव्हते. धनराज पिल्लेसारखा खेळाडू ज्या खडकीच्या वस्तीतून आला, त्या पुण्याच्या नावाने पुणे स्ट्रायकर्स हा संघ २०१२ च्या वर्ल्ड सीरीज हॉकीत उतरला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचून शेर-ए-पंजाबकडून हरला. पण ती स्पर्धाच पुन्हा भरली नाही, त्यामुळे उपविजेत्या संघातील कोणास राखावे हा प्रश्न विचारण्याची वेळ पुण्यावर आलीच नाही. २०१३ साली सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स हा संघ तळाला राहिला आणि २०१५ साली मुंबईचा संघ नव्या नावाने उतरला. २०१७ नंतर ही लीगही बंद पडली, आणि सात वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघास ४ कोटी रुपयांची थैली ठरवून दिलेली होती. तीतून पंजाब-हरियाणाच्या सूरमा संघाने एकट्या हरमनप्रीत सिंगवर ७८ लाख, म्हणजे जवळपास एक पंचमांश रक्कम खर्च केली. विजेतेपद मात्र बंगालच्या संघाने नेले.

म्हणून मराठी वाचकाने हा हिशेब पाहायचा तर तो कबड्डीत पाहावा. ज्याला आपल्या आजोबांनी हुतूतू म्हटले, ज्याचे प्रदर्शन अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली थेट बर्लिनमध्ये घडविले, तो हा मातीतला खेळ २०१४ साली प्रो कबड्डी लीगच्या रूपाने गादीवर, दिव्यांच्या झगमगाटात व लिलावाच्या बाजारात आला. पुणे जिल्ह्याच्या वतीने त्यात पुणेरी पलटण आहे, मुंबईच्या वतीने यू मुंबा. लीगच्या दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाची खर्चाची मर्यादा ५ कोटी रुपये झाली. त्यात किमान अठरा व कमाल पंचवीस खेळाडू बसवायचे. लिलावात खेळाडूंच्या चार श्रेणी असतात आणि त्यांची मूळ बोली अनुक्रमे ३०, २०, १३ व ९ लाख रुपये. लिलावापूर्वी संघाला आपले काही निवडक ज्येष्ठ खेळाडू व काही तरुण खेळाडू, ठरलेल्या संख्येच्या आत, नियमाने बांधलेल्या मानधनावर राखता येतात. शिवाय ‘अंतिम बोलीची बरोबरी’ नावाची एक सवलत आहे. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली, तर तेवढीच रक्कम मान्य करून त्यास परत घेण्याचा हक्क जुन्या संघाला मर्यादित वेळा बजावता येतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की अगदी कोवळे, नवखे खेळाडू लिलावात न येता अल्प व ठरीव मानधनावर थेट संघात घेता येतात. या शेवटच्या कलमात लीगच्या अर्ध्याअधिक विजेतेपदांचे रहस्य दडलेले आहे, असे माझे मत आहे.

खेळाडूचे मोल मोजताना मोजपट्टी कोठून धरायची, हा यातला पहिला प्रश्न. एखाद्या चढाईपटूने हंगामात दोनशे गुण मिळविले म्हणजे त्याने संघास दोनशे गुण दिले असे वरकरणी वाटते. परंतु तो नसता तर त्या चढाया काही रिकाम्या राहिल्या नसत्या, दुसरा कोणीतरी मध्यरेषा ओलांडून गेलाच असता आणि त्याने शंभर-सव्वाशे गुण आणलेच असते. तेव्हा त्या खेळाडूची खरी देणगी ही दोनशे उणे शंभर-सव्वाशे इतकीच. मोल द्यायचे ते या शिलकेचे, एकूण बेरजेचे नव्हे. बाजारात सहज व स्वस्तात मिळणाऱ्या बदली खेळाडूची पातळी जितकी उंच, तितकी ही शिल्लक कमी. कबड्डीत चढाईपटू मुबलक पिकतात, आणि उत्तम डावा कोपरारक्षक दुर्मिळ असतो. तरी लिलावात हात वर होतात ते चढाईपटूंसाठी, कारण त्यांचे गुण फलकावर ठळक दिसतात. ही विसंगती ज्या संघाने ओळखली त्याने पैसा वाचविला.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१८ च्या सहाव्या हंगामात यू मुंबाने त्यास ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले; त्या पोराने पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण मिळवून सगळ्यांना थक्क केले. पुढल्या हंगामापूर्वी यू मुंबाने त्यास राखले नाही. मुंबईकरांनी कपाळाला हात लावला. तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना त्यास नेले आणि तो तेथेही पूर्वीइतकाच खेळला. परंतु टायटन्स बारा संघांत अकराव्या स्थानी राहिले, आणि देसाईवाचून खेळलेली यू मुंबा फझल अत्राचलीच्या बचावफळीच्या बळावर उपांत्य फेरीत पोचली. म्हणजे यू मुंबाचा निर्णय बरोबर होता का? मी म्हणेन, त्या सालापुरता होता. कारण ज्या तरुणांना तेव्हा राखले त्यांत अर्जुन देशवाल नावाचा एक चढाईपटू होता. दोन वर्षांनी, आठव्या हंगामाच्या लिलावात, त्यालाही जाऊ दिले गेले, जयपूरने त्यास ९६ लाखांना घेतले, आणि नवव्या हंगामात चढाईचे २९६ गुण मिळवीत त्याने जयपूरला विजेतेपद मिळवून दिले. महाग झालेला सोडणे हे शहाणपण असते खरे, पण खोंडाला दोन वर्षे चारा घालून ऐन जुवाला लागतेवेळी विकणे हा कोणता शहाणपणा?

याच्या उलट पटणा पायरेट्सकडे पाहावे. प्रदीप नरवालने या संघास सलग तीन विजेतेपदे मिळवून देण्यात सिंहाचा वाटा उचलला होता. पाचव्या हंगामात एकट्याने चढाईचे ३६९ गुण मिळविणारा हा खेळाडू पटणा सोडील ही कल्पनाही कोणी केली नव्हती. २०२१ मध्ये पटण्याने त्यास सोडले, यूपी योद्धाने १ कोटी ६५ लाखांची विक्रमी बोली लावली, आणि पटण्याने तीच रक्कम अनेकांत वाटून चढाईचा भार तिघाचौघांवर टाकला व ३१ लाखांत मोहम्मदरझा शादलुई नावाचा एक इराणी तरुण डाव्या कोपऱ्यात उभा केला. त्या हंगामात शादलुईने पकडीचे ८९ गुण मिळविले, पटणा साखळीत अव्वल राहिला, आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडून ३६-३७ असा अवघ्या एका गुणाने हरला. पुढल्याच हंगामात नियतीने जणू या सिद्धांताचा प्रयोगच करून दाखविला: तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख रुपये ओतले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो संपूर्ण हंगामास मुकला. संघ बुडाला, असेच सर्वांनी धरले. परंतु अल्प मानधनावर घेतलेला नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू त्या रिकाम्या जागी उभा राहिला, त्याने २४३ गुण मिळविले, आणि थलायवाज आपल्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत गेले. पवनचे मोल खोटे होते असा याचा अर्थ नाही. बदली खेळाडूची पातळी संघचालकांनी गृहीत धरली होती त्याहून पुष्कळ वर होती, एवढाच याचा अर्थ.

आता पलटणीकडे येऊ. बालेवाडीच्या या संघाने प्रारंभीची वर्षे नामांकित खेळाडू गोळा करण्यात घालविली. सहाव्या हंगामात नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख खर्ची पडले. आठव्या हंगामात तोमर व राहुल चौधरी हे दोघेही ज्येष्ठ संघात होते. पण त्या हंगामात डोळ्यांत भरले ते दोन नवखे: नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि हरियाणाचा मोहित गोयत. येथे पलटणीच्या कारभाऱ्यांनी जे केले ते दिसायला साधे, पण करायला अवघड होते. त्यांनी गतकीर्तीला मान दिला नाही. ज्येष्ठांना मोकळे केले, आणि अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे, अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत या पोरांना धरून ठेवले. नवव्या हंगामात या तरुणांच्या पाठीशी अनुभवाची भिंत हवी म्हणून फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना आणले गेले. संघ प्रथमच अंतिम फेरीत पोचला आणि मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा हरला.

हरल्यानंतरचा निर्णय मला सर्वांत लक्षणीय वाटतो. अंतिम फेरीत नेणारा संघनायक फझल यास पलटणीने सोडले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. पाच कोटींच्या थैलीतून एका माणसावर शेकडा ४७! आजवर या प्रकरणात जे विवेचन केले त्याच्याशी हा निर्णय उघड विसंगत वाटेल. पण त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार, म्हणजे शेकडा ५२ रक्कम लावली, ती जोडीला ठेवून पाहिले म्हणजे उलगडा होतो. दोन्ही संघांनी निम्म्याच्या आसपास खजिना एकाच खेळाडूवर रिता केला. किमान अठरांचा संघ धरला, तर दोहोंकडे उरलेल्या सतरा जणांसाठी सरासरी चौदा ते सोळा लाखांपेक्षा अधिक शिल्लक नव्हती. टायटन्स बावीस सामन्यांत दोनच जिंकून तळाला गेले. पलटणीने सतरा जिंकले, तीन बरोबरीत सोडविले, दोन हरले, ९६ गुणांनी साखळीत पहिली आली, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रथमच विजेती झाली. शादलुईने पकडीचे ९९ गुण मिळविले. हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तो अस्लम. फरक होता तो सतरा जणांत. पंधरा लाखांत बाजारात जो मिळतो त्याहून कितीतरी सरस माल पलटणीच्या घरात आधीच, दोन-तीन हंगाम पोसून, तयार होता. म्हणूनच तिला एक महागडा शौक परवडला. आणि तो शौक तिने चढाईत न करता डाव्या कोपऱ्यात केला, जेथे तिच्यापाशी घरचे काही नव्हते. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या योजनेत कोणताही एक चढाईपटू अपरिहार्य नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

लिलावाचे एक मूलभूत वैगुण्य या ठिकाणी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७१ साली अमेरिकेतील अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीतील तीन अभियंत्यांनी दाखवून दिले, की समुद्राखालच्या तेलक्षेत्रांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा सतत कमी नफा होतो. कारण प्रत्येकाचा अदमास थोडा चुकतो, आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अदमास सर्वांत फुगलेला असतो. खेळाडूंच्या लिलावातही हेच घडते, त्यात मालकांच्या हौसेची भर पडते, आणि ‘आपलाच होता, परत आणू’ ही भावना तर विवेकाची शत्रूच म्हणावी. क्रिकेटमधील मुंबई इंडियन्सचे २०२२ सालचे उदाहरण बोलके आहे. ९० कोटींच्या मर्यादेपैकी ४२ कोटी रोहित शर्मा, जसप्रीत बुमराह, सूर्यकुमार यादव व कायरन पोलार्ड या चौघांना राखण्यात गेले; नंतर आपल्याच ईशान किशनला लिलावातून परत आणण्यास १५ कोटी २५ लाख मोजले; त्या हंगामात खेळणार नाही हे ठाऊक असूनही जोफ्रा आर्चरवर ८ कोटी लावले. संघ दहांत दहावा आला, पोलार्डने त्याच वर्षी आयपीएलमधून निवृत्ती पत्करली, आणि ज्याला राखले नाही तो हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सचा कर्णधार म्हणून त्याच वर्षी चषक घेऊन गेला. यांतील बुमराह व सूर्यकुमार यांना राखणे चूक होते असे कोणीच म्हणणार नाही. पोलार्डला दिलेले सहा कोटी मात्र येणाऱ्या सेवेचे वेतन नसून झालेल्या सेवेचे इनाम होते. आणि इनामे देण्यासाठी वेतनमर्यादेचा खजिना असत नाही, त्यासाठी सत्कार समारंभ असतात.

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर या सगळ्या हिशेबात एक अन्याय दडलेला आहे, तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संघाचा फायदा ज्या स्वस्त तरुणावर होतो, तो त्याच्या मेहनतीचे पुरते मोल न मिळाल्यामुळेच होतो. आणि कबड्डीत गुडघे व खांदे किती वर्षे साथ देतील याचा भरवसा नसल्याने, ज्या वर्षी त्याला बाजारभाव मिळायचा त्याच वर्षी दुखापतीने तो घरी बसण्याचा संभव असतो. उत्तर अमेरिकेतील हॉकीत वेतनमर्यादा खेळाडूंच्या संघटनेशी करार करून ठरते आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. आपल्याकडे ही मर्यादा लीगचे आयोजक ठरवितात. तीन हंगाम स्वस्तात राबलेल्या मुलाला चौथ्या हंगामी बाजारभावाच्या जवळपास आणून ठेवणारे कलम आपल्या नियमांत असावे, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. त्याने संघांचा हिशेब थोडा बिघडेल, पण तो बिघडणे न्याय्य होईल.

पलटणीने पुढे काय केले, हे सांगून हे प्रकरण आटोपतो. विजेतेपदानंतर तिने शादलुईलाही सोडले. हरियाणा स्टीलर्सने त्यास २ कोटी ७ लाखांना घेतले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी, तेही पुण्यात पलटणीच्याच बालेवाडीत, पटण्यास ३२-२३ असे हरवून हरियाणाने चषक उचलला. शादलुई हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. इकडे अस्लम हंगामाच्या मध्यातच जायबंदी झाला आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. त्या दिवसांत कारभाऱ्यांवर झालेली टीका बोचरी होती. परंतु पुढल्या हंगामात हरियाणानेही शादलुईला मोकळे केले, गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले, तरी गुजरातला काही विजेतेपद मिळाले नाही; आणि पलटण, अजय ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली, अस्लमच्या नेतृत्वाखाली, बहुतांशी त्याच घरच्या पोरांनिशी, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पुन्हा अंतिम सामना खेळली व दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. त्या दिवशी दिल्लीच्या बचावफळीत फझल अत्राचली होता. चार हंगामांत तीन अंतिम सामने आणि एक विजेतेपद, असा पलटणीचा ताळेबंद आहे. माझ्या मते शादलुईला सोडणे ही तिची चूक नव्हती, त्याच्या जागी तोडीचा डावा कोपरारक्षक वेळीच न घडविणे ही होती.